तेरा मीटरचं केळं

सिडनीच्या भाच्यानं परवा एक फोटो पाठवला. रस्त्याच्या कडेला पिवळंधमक, लांबलचक केळं आणि त्याच्या पोटातून बाहेर पडणारी माणसं. खाली एकच ओळ: "मामा, तुमच्या जळगावात आहे का असं?"

रावेर तालुक्यात जन्मलेल्या माणसाला केळ्यावरून डिवचू नये. मी चष्मा लावला आणि त्या केळ्याचं कुळ-मूळ खणायला बसलो. हे राहतं ऑस्ट्रेलियातल्या कॉफ्स हार्बर गावी. जॉन लँडी नावाच्या गृहस्थाचा तिथं हायवेलगत केळ्यांचा स्टॉल. गाड्या भुर्रकन पुढे जात, थांबेना कोणी. मग 1964 साली पठ्ठ्यानं थेट 13 मीटर लांब आणि 5 मीटर उंच केळंच बांधलं. कल्पनाही उसनीच, होनोलुलूत अननसाच्या कारखान्यावर अननसाच्या आकाराची पाण्याची टाकी होती, तिच्यावरून सुचलेली. गाड्या थांबू लागल्या. पुढे त्या देशात साथच पसरली: मोठा अननस, मोठी मेंढी, मोठी कोळंबी.

"आमच्याकडे तसलं नाही," मी कळवलं. "आमच्याकडे खरी असतात."

कळवलं खरं, पण रात्रभर डोक्यात केळंच. देशभर केळी पुरवणाऱ्या जिल्ह्यात हायवेला एक साधं सिमेंटचं केळं असू नये? सकाळी सावद्याच्या चुलतभावाकडे गेलो. तो केळीच्या कांदेबागेत निसवलेले घड मोजत होता. एका हाताने पानं बाजूला सारायची, दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर बऱ्हाणपूरचा भाव. योजना सांगितली. त्यानं मान वर न करता विचारलं, "कितीनं जाईल?"

"जाणार नाही रे. लोक पाहायला येतील."

"पाहाले? मंग त्याहीले म्हणा, बाग पाहा. फक्त घडाले हात लावू नका."

योजना तिथंच बांधावर संपली.

आता आम्हाला अवाढव्य गोष्टींची हौस नाही, असं कोणी म्हणू नये. एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रानगरी, असं आमच्याकडे मानतात. जवळच पद्मालयाच्या जंगलात भीमकुंड आहे, तिथं भीमानं बकासुराला मारलं म्हणे. पण गावकऱ्यांनी आधी बकासुराला गाडाभर अन्न पोचवलं, हे विसरू नका. पद्मालयाच्या गणपतीपुढची घंटाही किलोत नाही, मणात मोजण्यासारखी. भरताचं म्हणाल, तर 2018 च्या डिसेंबरात जळगावच्या सागर पार्कवर शेफ विष्णू मनोहरांनी टनांच्या हिशेबात वांग्याचं भरीत केलं. एवढं मोठं आकर्षण दुसऱ्या कुठल्या देशात असतं, तर त्याला कुंपण घालून तिकीट लावलं असतं. आम्ही भाकरी घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी तिथं पाहण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

धुळ्याच्या बाजूला साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. गाडी थांबवून फोटो काढणारे तिथंही असतात, पण त्या वीज देतात म्हणून उभ्या आहेत.

राहता राहिली आमची सतरा मजली, पालिकेची इमारत. जळगावात ही खरी अवाढव्य वस्तू. नगरपालिका असतानाच आम्ही कारभारासाठी सतरा मजले चढवून मोकळे झालो. महानगरपालिका झाली 2003 साली. अंगरखा आधी शिवला, अंग मागाहून वाढलं. कॉफ्स हार्बरचं केळं तिच्या शेजारी उभं केलं, तर चौथ्या मजल्यापाशी दमेल. पण तिला पाहायला मुद्दाम कोण जातं? तिचा उपयोग पत्ता सांगायला. रिक्षावाल्याला "सतरा मजली" एवढंच म्हणायचं, पुढे डावीकडे की उजवीकडे ते तो विचारतो.

हे सगळं भाच्याला लिहिलं. वर एक टोलाही हाणला: कॉफ्स हार्बरची केळी आता बरीचशी उत्तरेला क्वीन्सलँडात गेली, कॉफ्स हार्बरचे मळेवाले ब्ल्यूबेरी लावतात. बाग गेली, सिमेंटचं केळं राहिलं. जळगावच्या केळ्याला मात्र 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही सोललं की संपणाऱ्या.

त्यावर उत्तर आलं नाही. आज सकाळी एवढंच आलं, की दिवाळीत येतोय. मी कळवलंय: थेट सावद्याला ये. फोटोपुरतं तेरा मीटरचं काही मिळणार नाही, पण दोन-चार फण्या फुकट मिळतील. पिशवी आपली आण.