काडतूसभऱ्याचा भागाकार

काडतूसभऱ्या म्हणजे बंदुकीचे उडवलेले काडतूस घरच्या घरी पुन्हा भरणारा हौशी माणूस. उत्तर अमेरिकेत ही जात बरीच पसरलेली आहे आणि तिची सर्वांत बोलकी उपजात कॅनडाच्या दक्षिण सीमेला लागून आढळते. ही उपजात काडतुसे भरते त्याहून अधिक काडतुसे भरण्याचे सामान मागवते, आणि मागवते ते हटकून अमेरिकेतून. प्रस्तुत वर्णन ब्रिटिश कोलंबियातल्या अ‍ॅबट्सफर्ड गावच्या एका नमुन्यावर बेतले आहे. मात्र दादरला भाजी स्वस्त मिळते म्हणून बोरिवलीहून टॅक्सी करून जाणारा गृहस्थ ज्यांच्या नात्यात आहे, त्यांना त्याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

काडतुसाचे घटक चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा प्राइमर, आतली दारू आणि तोंडाशी खोचलेली गोळी. बार उडाला की तीन संपतात, पुंगळी उरते. सहसा सर्वांत महाग भाग तोच. तेव्हा पुंगळी जपून पुन्हा भरली तर पैसे वाचतात, हे या छंदाचे मूलतत्त्व, आणि ते खरे आहे. काडतूसभऱ्या तत्त्वावर थांबत नाही, हीच अडचण.

सामान लागते ते असे: पुंगळी दाबून मापात आणणारा प्रेस, त्यात बसणारे डाय, पुंगळीचे बूड पकडणारा शेल होल्डर आणि दारू तोलायचा काटा. दारूचे माप ग्रेनमध्ये. एक ग्रेन आपल्या सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा, त्यामुळे काट्यापुढे बसलेला काडतूसभऱ्या श्वास रोखून बसतो आणि घरात कोणी दार आपटले तर खवळतो. या धंद्यातली मोठी नावे सीमेपलीकडची: विस्कॉन्सिनमधल्या हार्टफर्डची ली, १९४३ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली आरसीबीएस, नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडची हॉर्नाडी. यांचा माल कॅनडातल्या दुकानांतही मिळतो. काडतूसभऱ्याला हे ठाऊक असते. तो त्या दुकानात जातो, प्रेसचा दांडा दोनदा खालीवर करून बघतो, किंमत वाचतो, ‘लूट आहे’ असे पुटपुटतो आणि घरी येऊन अमेरिकेला मागणी नोंदवतो.

या मागणीचा हिशेब एकदा नीट मांडलेला बरा. समजा, प्रेस १८० अमेरिकी डॉलरचा आणि पाठवणावळ ५०. अमेरिकी डॉलर १ डॉलर ३६ सेंटला धरला तर कॅनडाचे ३१२ डॉलर ८० सेंट होतात. परकीय चलनात खर्च केल्याबद्दल बँकेचे कार्ड अडीच टक्के लावते, ते ७ डॉलर ८२ सेंट. माल अमेरिकेत बनलेला असल्याने मुक्त व्यापार करारामुळे आयातशुल्क नाही. काडतूसभऱ्या एवढेच वाक्य मोठ्याने वाचतो. प्रांताचा ७ आणि केंद्राचा ५ असा १२ टक्के कर मात्र चुकत नाही: २९ डॉलर ३८ सेंट. शेवटी कुरियरवाला दारात उभा राहून कस्टम्समधून माल सोडवल्याची दलाली मागतो, ती समजा ४०. एकूण बरोबर ३९० डॉलर. गावातल्या दुकानात तोच प्रेस ३४० ला असेल, तर कर धरून ३८० डॉलर ८० सेंट पडतील आणि येताना दुकानदाराशी हवापाण्याच्या गप्पाही होतील.

इथे सामान्य माणूस कपाळाला हात लावील. काडतूसभऱ्या वही काढतो. ३९० ला तो ५,००० ने भागतो, कारण या प्रेसवर तो निदान ५,००० गोळ्या भरणार. दर गोळीला ७.८ सेंट. हे जरा बोचते, म्हणून भाजक १०,००० करतो: ३.९ सेंट. तेही मनाला येत नाही. २०,००० ने भागल्यावर दोन सेंटच्या आत येते, तेव्हा तो उत्तराखाली दोन रेघा मारतो आणि बायकोला हाक मारतो. तिचा प्रश्न ठरलेला असतो.

“आज किती वाचले?”

उत्तरही ठरलेले: “दर गोळीमागे बघ.”

अ‍ॅबट्सफर्डचा नमुना वर्षाला सरासरी २०० गोळ्या उडवतो. प्रेस आला तेव्हा तो ६१ वर्षांचा होता. २०,००० गोळ्या संपायला शंभर वर्षे लागतात, म्हणजे त्या भागाकारानुसार तो १६१ वर्षे जगणार होता. पुढच्या महिन्यात काटा आला, दलाली पुन्हा तेवढीच पडली, भाजक ३०,००० झाला आणि आयुष्यात आणखी पन्नास वर्षांची भर पडली.

शेल होल्डरचे प्रकरण जरा विस्ताराने सांगण्यासारखे आहे. डायच्या आट्यांचे माप जवळपास सगळ्या कंपन्यांनी एकच ठेवले आहे, सात अष्टमांश इंच, त्यामुळे कोणाचाही डाय कोणाच्याही प्रेसमध्ये बसतो. शेल होल्डरचे क्रमांक मात्र ज्याचे त्याचे. नमुन्याची रायफल जुनी ली-एनफिल्ड, काडतूस पॉइंट थ्री-नॉट-थ्री. त्याने एका कंपनीचा तक्ता बघून दुसऱ्या कंपनीचा शेल होल्डर मागवला. किंमत ९ अमेरिकी डॉलर, पाठवणावळ २४. टपालाने येणाऱ्या २० कॅनेडियन डॉलरपर्यंतच्या मालाला कर नसतो, त्यामुळे करापोटी दीड डॉलर वाचला याचा आनंद त्याला दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी पुंगळी त्या खाचेत शिरेना. दुसऱ्यांदा मागवला, तो भलत्याच काडतुसाचा निघाला. तिसरा बसला. पहिले दोन परत पाठवायला टपालखर्च त्यांच्या किमतीहून जास्त, म्हणून ते खणात राहिले. त्यांना साजेशा रायफली घ्याव्यात असा विचार त्याने बायकोपुढे मांडल्याची नोंद आहे. त्यामागचा युक्तिवाद असा होता की भाजक आपोआप वाढेल.

दुसरी अडचण अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रणाची. शस्त्रे, दारूगोळा आणि ते बनवण्याचे सामान यांवर तिथे निर्यातीचे नियम आहेत. ९ मार्च २०२० पासून नागरी बंदुकांशी संबंधित बराच माल परराष्ट्र खात्याच्या यादीतून निघून वाणिज्य खात्याच्या यादीत आला, म्हणजे दार बदलले. कोणत्या वस्तूला परवाना लागतो आणि कोणत्या नाही हे तपासत बसण्यापेक्षा ‘देशाबाहेर पाठवत नाही’ असे लिहून टाकणे तिथल्या अनेक दुकानांना सोपे वाटते. अशाच एका दुकानाने नमुन्याला दारू ओतायचे प्लास्टिकचे नसराळे नाकारले होते. त्याने तीन पत्रे लिहिली. चौथे लिहीत असताना बायकोने स्वयंपाकघरातले नसराळे पुढ्यात आणून ठेवले. ते अजून वापरात आहे. वहीत ते ‘शून्य भागिले ३०,०००’ असे नोंदले आहे, आणि शून्य आले म्हणून त्याखाली तीन रेघा आहेत.

दलाली टाळण्याचे मार्ग दोन. पहिला, कुरियरकडून कागद घेऊन स्वतः सीमाशुल्क कार्यालयात जायचे, कर भरायचा आणि पावती कुरियरला दाखवायची. यात चाळीस डॉलर वाचतात, अर्धा दिवस जातो. दुसरा मार्ग लोकप्रिय आहे. सीमेपलीकडे ब्लेन, सुमस अशा छोट्या गावांत कॅनडावाल्यांची पार्सले ठेवून घेणाऱ्या दुकानांचा धंदा चालतो. माल तिथे मागवायचा आणि गाडीने जाऊन आणायचा. पण चोवीस तासांच्या आत परतणाऱ्याला करात सूट नाही. चोवीस तास बाहेर राहिले तर २०० डॉलरची, अठ्ठेचाळीस तासांनी ८०० ची. मग २९ डॉलरचा कर वाचावा म्हणून काडतूसभऱ्या बेलिंगहॅमच्या मोटेलात मुक्काम करतो. मोटेलचे भाडे वहीत येत नाही. ते ‘सहल’ या सदरात जाते, आणि सहलीला गोळ्यांनी भागत नाहीत.

विनिमयदरावर त्याला बोलू देऊ नये. २०११ च्या मध्यावर कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरला भारी होता, आणि काडतूसभऱ्याच्या लेखी तोच खरा भाव. बाकीची वर्षे तात्पुरती. जानेवारी २०१६ मध्ये डॉलर सत्तर अमेरिकी सेंटच्या खाली घसरला, तेव्हाही तो जुनाच दर धरून हिशेब करत होता.

दारू साध्या टपालाने येत नाही, ती नाइलाजाने गावातच घ्यावी लागते. गंमत अशी की आयएमआर या अमेरिकी छापाच्या दारू कित्येक वर्षे क्युबेकमधल्या व्हॅलीफिल्डच्या कारखान्यात बनत आल्या. २००३ पासून तो छाप कॅन्ससच्या हॉजडन कंपनीचा. म्हणजे कॅनडात बनलेली दारू अमेरिकेचे नाव लावून कॅनडात विकली जाते. हे कळल्यावर नमुना काही वेळ गप्प बसला. सीमापार व्यवहारात आपल्याला कोणी विचारलेच नाही, याचे त्याला वाईट वाटले असावे.

या माणसाचा शेजाऱ्यांना कंटाळा येतो. चहाला बोलावून तो चहा देण्याआधी पावती दाखवतो. तरीही २०२० आणि २०२१ चा तुटवडा त्याच्या नावे नोंदवणे भाग आहे. त्या काळात दुकानांतली फळ्यांवरची काडतुसे संपली, प्राइमर दिसेनासे झाले, आणि हरणाच्या मोसमाच्या तोंडावर एरवी त्याला हसणारे शेजारी एकेक करून त्याच्या गॅरेजात आले. प्रत्येकाच्या हातात फडताळाच्या तळाशी सापडलेली जुनी काडतुसे नाहीतर रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी. त्याने कोणाला भरून दिले नाही. प्रत्येकाला स्टुलावर बसवले, पुंगळी कशी चोळायची, दांडा कुठे थांबवायचा, काट्याची सुई कशी वाचायची ते शिकवले, आणि आपल्या साठ्यातले प्राइमर मोजून पुढे केले. वही त्याही हिवाळ्यात लिहिलेली आहे. तीत नावे आहेत, रायफलींची मापे आहेत, कोणाचा हात थरथरतो अशी एक नोंद आहे. ज्या हिवाळ्यात त्याचा हिशेब खरोखरीच फायद्यात होता, त्या हिवाळ्याच्या पानांवर भागाकार नाही.

वयोमानाने काडतूसभऱ्याचा खांदा आधी जातो. पॉइंट थ्री-नॉट-थ्रीचा दणका सोसत नाही, मग तो पॉइंट टू-टू उडवू लागतो. या काडतुसाचा पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असल्याने ते घरी पुन्हा भरण्याची सोय नाही. ते गावातल्या दुकानातून, छापील किमतीला, कर भरून घ्यावे लागते. नमुना पहिल्यांदा असा खोका घ्यायला गेला तेव्हा दुकानदाराने त्याला ओळखले आणि काही विचारले नाही.

थ्री-नॉट-थ्रीच्या वर्षाला चाळीस गोळ्यांना डॉक्टरांनी मुभा दिली आहे. आता तो ६८ वर्षांचा. वहीच्या ताज्या पानावर वर ४० गुणिले १२ बरोबर ४८० असे लिहिलेले आहे. त्याखाली सुमसहून आणलेल्या, दस्त्याला लावायच्या रबरी गादीचा खर्च, पेट्रोलसकट: ९१ डॉलर २० सेंट. भागिले ४८०. उत्तर १९ सेंट, वहीतले सर्वांत महाग. त्याखाली रेघ नाही.