ऑक्सफर्डहून ३६ वर्षांनी मोठे

भाची शिकायला ऑक्सफर्डला गेली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची गुलाबाची सुप्रभातं बंद पडली. त्यांच्या जागी रोज एक दगडी इमारत येऊ लागली. पुण्याची माझी बहीण प्रत्येक इमारतीखाली, जणू पाया खणताना स्वतः उभी होती अशा थाटात, माहिती लिहायची. "हे न्यू कॉलेज. स्थापना १३७९." १३७९ सालच्या कॉलेजाला न्यू म्हणतात हे वाचून मी जरा गप्पच झालो. आमची सोसायटी १९९४ची आहे आणि तिला सगळे 'जुनी बिल्डिंग' म्हणतात. तिच्या पुनर्विकासासाठी दर रविवारी जिन्यात सभा भरते.

डिसेंबरात भाची सुट्टीवर आली. येण्याआधी तिचा निरोप आला, "मामा, आधी तीन दिवस तुझ्याकडे राहणार आहे. तुझ्या गावात काय बघायचं, काय करायचं, त्याची यादी करून ठेव."

मी अंबरनाथला ३१ वर्षं राहतोय. एवढ्या वर्षांत पाहुण्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या आहेत. पाणी किती वाजता येतं, आणि परतीची गाडी किती वाजता आहे. काय बघायचं हे कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही कधी सुचलं नव्हतं. सकाळी ७.०५ ते रात्री ८.४० या वेळात मी गावात नसतो, आणि उरलेल्या वेळात झोपलेला असतो. तरी कागद घेऊन बसलो. पहिला क्रमांक, स्टेशन पूर्व. दुसरा, स्टेशन पश्चिम. बायकोने खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "मधला पूल राहिला."

त्या रात्री मी चिडून ऑक्सफर्डचा इतिहास वाचायला घेतला. तिथे १०९६ साली शिकवणं चालू होतं असा पुरावा आहे म्हणे. नेमकी सुरुवात कुणालाच ठाऊक नाही. आमच्या शिवमंदिराच्या उत्तर दारावरच्या शिलालेखात शके ९८२ असा काळ कोरलेला आहे. म्हणजे इसवी सन १०६०. बोटं मोजली. परत मोजली. मग बायकोला उठवलं. "अगं, आपण ऑक्सफर्डहून ३६ वर्षांनी मोठे आहोत!" ती झोपेतच म्हणाली, "मग जरा मोठ्यासारखं वागा. दिवा बंद करा."

भाची आल्यावर पहिल्या दिवशी सकाळी शेअर रिक्षाने देवळात. याआधी मी तिथे तीनदा गेलो होतो. नव्या स्कूटरच्या पूजेला, मुलीच्या दहावीच्या निकालाआधी, आणि एका महाशिवरात्रीला, जेव्हा गर्दीने मला आत नेलं आणि गर्दीनेच बाहेर आणून सोडलं. देऊळ पाहण्याचा प्रश्नच आला नाही. या वेळी भाची भिंतीपासून दोन फुटांवर उभी राहून एकेक मूर्ती बघत होती आणि मला विचारत होती, "मामा, हे कोण?" मी काही ठिकाणी शंकर म्हणालो, काही ठिकाणी देवी म्हणालो. शंकराच्या देवळात हे सहसा चुकत नाही.

शिलाहार राजा छित्तराजाच्या काळी हे काम सुरू झालं आणि त्याचा भाऊ मुम्मुणी गादीवर असताना संपलं. मधे नागार्जुन नावाचा आणखी एक भाऊ राज्य करून गेला. तीन भावांच्या कारकिर्दी उलटल्यावर देऊळ पुरं झालं, म्हणजे या गावात ताबा मिळायला तेव्हाही वेळच लागायचा. लोक मात्र सांगतात की पांडवांनी ते एका रात्रीत बांधलं आणि उजाडलं म्हणून शिखर राहिलं. आमच्या सोसायटीतल्या सेक्रेटरींचा पांडवांवर विश्वास आहे, पण बांधकाम एका रात्रीत झालं यावर नाही. ते नऊ वर्षं बिल्डरच्या ऑफिसात जाऊन आलेले आहेत.

शिखर अपुरं आहे हे खरं. गाभारा जमिनीच्या खाली आहे. वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. उतरून मान वर केली की थेट आभाळ. अंबरनाथ, आकाशाचा नाथ. नाव आधी आणि भोक नंतर की उलट, यावर भाचीने मला तिथेच परीक्षेला बसवलं. मी म्हणालो, "शंका असेल तर नमस्कार कर." बाहेर येऊन ती म्हणाली, "मामा, ही भूमिज शैली. ती बघ, एकावर एक चढत गेलेली लहान लहान शिखरं." ३१ वर्षं ज्या देवळाच्या नावाचं तिकीट मी रोज काढतो, त्याची शैली मला विलायतेहून आलेल्या पोरीने सांगितली.

देवळाच्या अंगाला वालधुनी नदी आहे. ऑक्सफर्डला चेरवेल नावाच्या नदीत लांब बांबूने होडी ढकलत फिरतात, तिला पंटिंग म्हणतात. भाचीने वाकून पाहिलं आणि पंटिंगचं नाव काढलं नाही. वालधुनीचा रंग मी एकेकाळी ओळखत असे. हिरवा दिसला की मंगळवार, तांबडा दिसला की शुक्रवार. कारखान्यांचं पाणी, कपड्यांच्या रंगाचं पाणी, आणि आमच्या सगळ्यांच्या मोऱ्यांचं. पण हीच नदी काही मैल वर, काकोळ्याला, अगदी सभ्य आहे. तिथे रेल्वेने इंग्रजांच्या काळात धरण बांधलं, जीआयपी टँक. तेच पाणी आज 'रेल नीर'च्या बाटल्यांत भरलं जातं. भाचीच्या पिशवीत सीएसएमटीला विकत घेतलेली बाटली होती. ती तिने उलटी करून वाचली आणि मग नदीकडे बघितलं. "म्हणजे ही तीच?" म्हटलं, "तीच. वर बाटलीत, खाली अशी." ऑक्सफर्डच्या नदीला एवढं चरित्र नसेल.

दुसरा दिवस उल्हासनगरचा. ऑक्सफर्डला नवा माणूस गेला की विचारतो, विद्यापीठ कुठे आहे, आणि लोक हसतात; कारण विद्यापीठ असं एका जागी नाहीच, चाळिसेक कॉलेजं गावभर पसरलीत. उल्हासनगरला उतरून 'उल्हासनगर कुठे आहे' असं विचारलं तरी हेच होतं. समोरून प्रश्न येतो, "कौनसा कैंप?" एक ते पाच. मग सेक्शन, मग बरॅक. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्याच बरॅकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव पडलं. जुनी माणसं अजून कॅम्पच म्हणतात.

माझे ऑफिसातले एक निवृत्त सिंधी सहकारी चार नंबरला राहतात. दोन वर्षांचे असताना आईच्या कडेवरून आले. त्यांच्या घरी गेल्या गेल्या पाण्याबरोबर पापड आला, मग दालपकवान. पकवान मोडल्याचा आवाज आमच्या घराचं दार लावताना होतो तेवढा होतो. त्यांनी 'मेड इन यूएसए'चा विनोद आम्हाला सुचायच्या आधी स्वतःच सांगून टाकला. उल्हासनगर सिंधी असोसिएशन. पन्नास वर्षं पाहुणे तो त्यांना नवा म्हणून ऐकवताहेत, त्यापेक्षा आपणच सांगून मोकळं व्हावं असं त्यांचं धोरण आहे. मग त्यांनी भाचीला विचारलं, "बेटा, वहाँ ऑक्सफर्ड में कितने कैंप हैं?" ती समजावू लागली की कॅम्प नव्हे काका, कॉलेज असतात, प्रत्येकाचं वेगळं फाटक, वेगळं जेवणघर, वेगळे नियम, आणि दुसऱ्या कॉलेजातल्या माणसाकडे बघायची जराशी वेगळी नजर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाँ. वही. कैंप."

जाता जाता त्यांनी आम्हाला स्टेशनसमोरचं चांदीबाई कॉलेज दाखवलं. ते चालवणाऱ्या संस्थेचं नाव हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड. हे हैदराबाद चारमिनारवालं नव्हे, सिंधू नदीकाठचं. शहर तिकडे राहिलं, बोर्ड इकडे आला. ते म्हणाले, "लोग सोना लाए, बर्तन लाए. हमारे प्रोफेसर कॉलेज ले आए." यावर काय बोलावं मला कळेना, म्हणून मी पापडाची स्तुती केली.

गजानन मार्केटकडे मात्र मी यादीत बोट दाखवलं आणि पस्तावलो. ऑक्सफर्डला १७७४ सालचं झाकलेलं मार्केट आहे, ते भाची आणि तिच्या मैत्रिणी वीस मिनिटांत बघतात. इथे माझी बायको आमच्यात सामील झाली. आम्ही अकराला आत शिरलो आणि बाहेर आलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. या विषयावर अधिक लिहायची मला घरातून परवानगी नाही.

तिसऱ्या दिवशी बदलापूर. इथे सैन्याचे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं सांगतात. घोडे गेले, आता कर्जतहून भरून येणारी गाडी सोडून बदलापूरहून सुटणारी पकडणं एवढाच बदल उरला आहे. प्रेक्षणीय स्थळं भरपूर, पण ती पावसाळी. कोंडेश्वरचा धबधबा डिसेंबरात म्हणजे खडक. जांभळं, ज्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय, ती जूनमध्ये. आणि उल्हास नदीतली नौकानयनाची मोठी घटना २७ जुलै २०१९ची, जेव्हा महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवायला नौदल आलं. ती दरवर्षी होत नाही, हे चांगलं.

पण माझ्याकडे हुकमाचं पान होतं. श्याम जोशींनी उभं केलेलं 'ग्रंथसखा' वाचनालय. जुनी मराठी पुस्तकं, दुर्मिळ कोश, बंद पडलेली मासिकं. सरकारी मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरला निघायच्या कितीतरी आधी इथे 'स्वायत्त मराठी विद्यापीठ' सुरू झालं होतं. विद्यापीठ! हा एकच शब्द तीन दिवस माझ्या घशात अडकला होता, तो तिथे सुटला. भाची कपाटांमधून फिरताना एकदम कुजबुजायला लागली. ऑक्सफर्डच्या १६०२ सालच्या बोडलियन ग्रंथालयात शिरण्याआधी शपथ घ्यावी लागते म्हणे, की मी आत आग आणणार नाही, ज्योत पेटवणार नाही. मी म्हटलं, "ती शपथ अंबरनाथकरांकडून दोनदा घ्यावी." आमच्या गावात विमकोचा आगपेट्यांचा कारखाना होता. कित्येक पिढ्यांच्या चुली त्या काड्यांनी पेटल्या. कारखाना गेला, आता तिथे टॉवर आहेत, आणि रिक्षावाल्याला सांगायला विमको नाका.

परतीच्या गाडीला उशीर होता. फलाटावर भाचीने सांगितलं की ऑक्सफर्डला क्राइस्ट चर्चची मोठी घंटा रोज रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी १०१ टोले देते. कारण ऑक्सफर्डची जुनी वेळ ग्रीनिचच्या पाच मिनिटं मागे आहे, आणि ते ती अभिमानाने पाळतात. मी इंडिकेटरकडे पाहिलं. आम्हीही ऑक्सफर्डचीच वेळ पाळतो आहोत, फक्त आजवर कुणी घंटा वाजवून सांगितलं नव्हतं.

भाची पुण्याला गेली. रात्री ग्रुपवर शिवमंदिराचा फोटो पडला, खाली फक्त '१०६०'. बहिणीने लगेच विचारलं, "किती सुंदर! हे कंबोडियात का गं?"

तर तुम्हीही या. गाडी अंबरनाथ, बदलापूर, कर्जत किंवा खोपोली बघून चढा आणि पूर्वेला उतरा. चुकून कसाऱ्याची पकडलीत तर घाबरू नका, शहाडला उतरा. तेही उल्हासनगरच आहे. फक्त आधी कॅम्प नंबर विचारून ठेवा.