चाळीस सेकंदांत चाबूक शिकवणाऱ्यास खुले पत्र

महोदय,

पत्राच्या मायन्यात ‘सप्रेम नमस्कार’ लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. तुमच्याबद्दल मला प्रेम वाटत नाही, म्हणून तो लिहिलेला नाही. तुमचं नावही लिहीत नाही. तुमच्यासारखे आता पुष्कळ झाले आहेत आणि हे पत्र त्या सगळ्यांपर्यंत पोचावं अशी माझी इच्छा आहे.

तुम्ही मोबाइलवर चाळीस-चाळीस सेकंदांचे व्हिडिओ टाकता. घरच्या घरी चाबूक कडाडवा, पहिल्याच दिवशी आवाज काढा, मनगटात जोर आणा. मागे ढोल-ताशा वाजत असतो. चित्रातला हात बहुतेक वेळा तुमचा नसतोच. ऑस्ट्रेलियातल्या किंवा अमेरिकेतल्या एखाद्या जाणकाराच्या लांबलचक धड्याचा तुकडा तुम्ही कापता, त्यावर मराठीत आपला आवाज चढवता आणि खाली नायलॉनचा चाबूक विकत घेण्याचा दुवा देता. त्यातले काही मूळ धडे मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले आहेत. चाबूक मी त्यांच्यावरूनच शिकलो. आमच्या कोल्हापुरात लाठी, पट्टा, विटा शिकवणारे वस्ताद आहेत, पण चाबूक कडाडवण्याची कला रीतसर शिकवणारं मला कुणी भेटलं नाही. म्हणून व्हिडिओवरून शिकूच नये असं मी म्हणणार नाही. माझा राग तुमच्या कात्रीवर आहे.

त्या मूळ धड्यात माणूस समोर येतो तो डोळ्यांवर संरक्षक चष्मा, डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. बराच वेळ तो चाबूक वाजवतच नाही. आधी जमीन दाखवतो. खडी नको, कारण चाबकाचं टोक खडा उचलून फेकतं. मग पायांखालच्या जागेपासून चहूबाजूंचं अंतर मोजतो, कारण चाबकाची लांबी, हाताची लांबी आणि वर एक पाऊल, एवढा टापू रिकामा हवा. पाठीमागचाही, कारण चाबूक पुढे जाण्याआधी मागे गेलेला असतो. त्यानंतर तो चाबूक नुसता झुलवायला लावतो, आवाज न काढता. हे सगळं झाल्यावर कुठे पहिला कडाडा येतो, आणि तुमचा व्हिडिओ नेमका तिथे सुरू होतो. एवढी अचूक कात्री अजाणतेपणी चालत नाही. काय महत्त्वाचं आहे हे तुम्हाला दिसलं, आणि तेच तुम्ही फेकून दिलंत.

त्याचा परिणाम आमच्या गल्लीत झाला. नववीतला एक मुलगा. त्याने तुमच्या दुव्यावरून चाबूक मागवला आणि इमारतीच्या गच्चीवर तुमचा व्हिडिओ समोर लावून उभा राहिला. तुम्ही ‘व्हॉली’ दाखवत होता, म्हणजे पुढेमागे एकापाठोपाठ काढलेले कडाडे. ज्याला साधा एक फटका सरळ टाकता येत नाही, त्याला कुठलाही शहाणा माणूस हा प्रकार दाखवणार नाही. टोक उलटून आलं. पापणीला टाके पडले, बुबुळावर ओरखडा आला. डोळा वाचला. त्याच्या आईने मला विचारलं, “भाऊजी, एवढं धोक्याचं होतं तर त्या माणसानं सांगितलं का नाही?” तो प्रश्न तुमच्यासाठी आहे.

चाबूक का कडाडतो हे तुम्ही एकाही व्हिडिओत सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं, कारण सगळा धोका त्या उत्तरातच आहे. चाबूक मुठीकडे जाड असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. हाताच्या हालचालीने त्यात एक वळसा तयार होतो आणि तो टोकाच्या दिशेने धावतो. पुढे जावं तसं हलवायचं वजन कमी होत जातं, म्हणून वळशाचा वेग वाढत जातो. टोकाचा वेग ध्वनीच्या वेगापलीकडे जातो म्हणून हा आवाज होत असावा, असा अंदाज ऑटो लुमर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०५ मध्येच मांडला होता. पुढे अतिवेगवान छायाचित्रं निघाली तेव्हा एक चकवा समोर आला: आवाज फुटतो त्या वेळी टोकाचा वेग ध्वनीच्या सुमारे दुप्पट असतो. मग ध्वनीची मर्यादा ओलांडतानाच आवाज का होत नाही? अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या अलेन गोरिएली आणि टायलर मॅकमिलन यांनी २००२ मध्ये याचा गणिती उलगडा केला. कडाडा होतो तो वळसा स्वतः ध्वनीच्या वेगाला पोचतो तेव्हा. टोक त्या क्षणी त्याहून कितीतरी पुढे असतं.

२० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, म्हणजे ताशी बाराशे किलोमीटरांहून जास्त. त्याच्या दुप्पट वेगाने जाणारं टोक तुम्ही शाळकरी पोराच्या चेहऱ्यापासून काही फुटांवर फिरवायला लावता, आणि चष्मा घाल एवढे दोन शब्द बोलत नाही.

वर ओरडता काय, तर ‘जोर लाव!’ हा सल्ला चुकीचा आहे आणि घातकही आहे. कडाडा वळशातून येतो, दंडातून नव्हे. बारीक अंगाची मुलगी जे सहज करते ते पैलवानाला साधत नाही, कारण पैलवान ताकद लावतो. ताकद लावणारा शिकाऊ माणूस शेवटी हमखास हात मागे खेचतो. वळसा अजून पुरता उलगडलेला नसतो. खेचल्याबरोबर टोक खेचणाऱ्याच्याच दिशेने वळतं, आणि वाटेत त्याचा कान, मान नाहीतर डोळा येतो. जाणकार हात मागे खेचत नाहीत, तो पुढे आणि अंगाच्या बाजूने खाली जाऊ देतात.

दुसरी गोष्ट पातळीची. आगगाडीचे दोन समांतर रूळ डोळ्यांसमोर आणावेत: एकावर आपण उभे, दुसऱ्यावरून चाबूक जातो आणि त्याच रुळावरून परत येतो. पहिले काही दिवस एवढंच करायचं असतं. चाबूक बाजूने मागे न्यायचा, सरळ होऊ द्यायचा, बाजूनेच पुढे सोडायचा. गुराख्यांचा म्हणून ओळखला जाणारा ‘कॅटलमन्स क्रॅक’ यातूनच उभा राहतो. ज्याला ही पातळी सांभाळता येते त्याचा नेम चुकला तरी फटका त्याच्या अंगावर येत नाही. शिक्षक करतो ते हे: शिकणारा चुकणारच हे धरून त्याची चूक निरुपद्रवी ठरेल अशी व्यवस्था करतो. तुमच्या व्हिडिओत चुकण्याला जागाच नाही. चुकलेला फटका तुम्ही आजवर एकदाही दाखवलेला नाही. पाहणाऱ्याला वाटतं, चाबूक पहिल्याच हाताला वाजतो. त्याचा वाजला नाही की तो स्वतःला कमी समजतो आणि आणखी जोर लावतो.

आता तुम्ही विकता त्या मालाबद्दल. मुलाच्या घरी जाऊन मी तो चाबूक हातात घेऊन पाहिला. मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचा दोर, टोकाला गाठ. चांगल्या चाबकाची मूठ वेगळी असते, तिच्यापुढे विणलेली लांब वेणी, वेणीपुढे एकसंध चामड्याची वादी आणि वादीला बांधलेला दोऱ्याचा गोंडा. वेणी पुढे नेताना विणणारा एकेक पदर कमी करत जातो, त्यामुळे ती बारीक होते. ऑस्ट्रेलियात त्यासाठी कांगारूचं चामडं वापरतात, कारण ते पातळ कापलं तरी फार चिवट राहतं. नायलॉनच्या दोरीचाही उत्तम चाबूक विणता येतो, माझा तसाच आहे, पण निमुळतेपणा लागतोच. तो नसेल तर वळशाचा वेग वाढायला जागा उरत नाही. म्हणजे तुम्ही पोराच्या हाती असा चाबूक दिलात जो नीट वाजूच शकत नाही, आणि मग तो वाजवण्यासाठी त्याला जोर लावायला सांगितलंत. या व्यवहाराला मी फसवणूक म्हणतो.

ज्यांची कला तुम्ही कापून घेता त्या लोकांकडे तिचा मान किती आहे, हेही ऐका. १५ सप्टेंबर २००० रोजी सिडनी ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा सुरू झाला तो मैदानात एकटा घोडेस्वार येऊन. त्याने घोडा मागच्या पायांवर उभा केला आणि चाबूक कडाडवला. एका देशाने जगाला आपली ओळख त्या आवाजाने करून दिली. त्यांचे गुराखी लांब मुठीचा ‘स्टॉकव्हिप’ वापरतात तो मुख्यतः आवाजासाठी. फटका हवेत पडतो आणि जनावर आवाजाने वळतं. बव्हेरिया आणि साल्झबुर्गच्या सीमाभागात हिवाळ्यात नऊ-नऊ जणांच्या तुकड्या ओळीने उभ्या राहून ठरलेल्या तालात, एकामागून एक चाबूक वाजवतात. एकाचा ताल चुकला तर साऱ्या तुकडीचा बिघडतो, आणि पोरं हे मोठ्यांच्या शेजारी उभी राहून शिकतात. सिनेमातही तेच. १९९२ च्या ‘बॅटमन रिटर्न्स’मध्ये मिशेल फायफरचा चाबूक पाहून तुमचे प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पण तिला शिकवायला अँथनी डी लाँगिससारखा जाणता माणूस समोर उभा होता.

आणि मग तुमचा तो व्हिडिओ, ज्याला तुम्ही ‘पोतराजाचा आसूड शिका’ असं नाव दिलंत. त्याचा राग मला सर्वांत जास्त आला. पोतराज तुम्ही लहानपणी पाहिला असेल. मोकळे केस, कपाळाला मळवट, कमरेला रंगीबेरंगी खणा-चिंध्यांचा घागरा, सोबत डोक्यावर मरीआई घेतलेली बाई. तो आसूड आधी हवेत वाजवतो आणि मग स्वतःच्या उघड्या अंगावर ओढतो. अंगावरचे वळ खरे असतात. नवसापोटी मरीआईला वाहिलेली मुलं, बहुतांशी मातंग समाजातली, याच मार्गाला लागत आणि दारोदार मागून पोट भरत. ही प्रथा सुटावी म्हणून त्या समाजातल्या शिकलेल्या पिढीने आणि आंबेडकरी विचारांच्या कार्यकर्त्यांनी मेहनत घेतली. कित्येकांनी केस कापले, आसूड ठेवून दिला आणि मुलांना शाळेत घातलं. त्या आसुडाचा तुम्ही नाचगाण्याच्या तालावर तुकडा केलात. माणूस कापलात, त्याची भूक कापलीत, वळ कापलेत आणि आवाज तेवढा ठेवलात. धड्याच्या बाबतीत केलंत तेच इथेही केलंत.

तुम्ही म्हणाल, लांब व्हिडिओ कुणी बघत नाही. आम्हा कोल्हापूरकरांना हे पटायचं नाही. इथे पोरगं वस्तादाकडे जातं तेव्हा पट्टा त्याच्या हातात लगेच पडत नाही. आधी पायांचे पवित्रे, मग काठी, आणि आजूबाजूला कोण उभं आहे ते बघायची सवय. पोरं थांबतात. कंटाळतात, कुरकुरतात, पण थांबतात, कारण थांबायला सांगणारा समोर असतो आणि त्याचं ऐकलं जातं. तुम्हीही स्वतःला गुरू म्हणवता. तुमचंही ऐकलं जातं. त्या मुलाने गच्चीवर तुमचा शब्द न् शब्द ऐकला होता. चष्म्याचं एक वाक्य त्यात असतं तर त्याने तेही ऐकलं असतं.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. ‘व्हॉली’चा आणि पोतराजाचा, दोन्ही व्हिडिओ काढून टाका. विकता तो दोर विकणं थांबवा आणि ज्यांनी घेतला त्यांचे पैसे परत करा. ज्यांचे धडे कापलेत त्यांची नावं लिहा आणि पूर्ण धड्याचा दुवा द्या, म्हणजे तुम्ही गाळलेला भाग लोकांना निदान बघता तरी येईल. पुढे कधी काही दाखवलंत तर स्वतःच्या डोळ्यांवर चष्मा चढवून, मोकळ्या मैदानात, स्वतःच्या हाताने दाखवा आणि चार फटके चुकलेलेही राहू द्या. हे जमणार नसेल तर चाबूक शिकवू नका.

वाचकांना, विशेषतः आईवडिलांना, एक विनंती. तुमच्या मुलाला किंवा मुलीला चाबूक शिकायचा असेल तर रागावू नका, ही सुंदर कला आहे. व्हिडिओ सोबत बसून बघा. शिकवणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा नसेल तर तो तिथेच बंद करा. प्रयोगशाळेत वापरतात तसा बाजूनेही झाकलेला चष्मा घ्या, कानात बोळे घाला, चाबूक सहा ते आठ फुटांच्या आतबाहेर आणि निमुळता आहे ना हे हाताने चाचपून घ्या. गच्ची नको, गवताचं मैदान शोधा. शेजारी भटकी कुत्री, लहान मुलं नसावीत. आणि पहिले काही दिवस आवाज काढायचा नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

आपला,
कोल्हापूरचा एक चाबूकप्रेमी