दोन निळ्या खुणांवर दिवसभर कसे तापावे? (नवशिक्यांसाठी)

साहित्य: एक फोन, मोकळी दुपार आणि एक नातेवाईक. नातेवाईक जवळचाच घ्यावा, लांबच्यावर राग नीट धरत नाही. थोरली नणंद असल्यास उत्तम.

सकाळी मेसेज करा, "ताई, रविवारी जेवायला येताय ना?" खुणा निळ्या झाल्या आणि उत्तर आलं नाही, की कामाला लागा. नुसत्या खुणांनी राग येत नाही. तिकडे मेसेज उघडला गेला, एवढंच त्या सांगतात. बाकीचा माल आपण घरचा घालायचा. 'बसमध्ये असतील', 'दूध उतू जात असेल' असले विचार सुरुवातीला हमखास येतात. ते बाजूला सारून 'मुद्दाम केलं' हा विचार उचला आणि त्याला 'त्या नेहमीच असं करतात' याची जोड द्या. नेहमी म्हणजे किती वेळा, ते मोजू नका. मोजायला बसलं की राग उतरतो.

आता मुख्य पायरी: 'मी सगळ्यांचं एवढं करते, तर त्यांनी लगेच उत्तर दिलंच पाहिजे.' इथे 'दिलं असतं तर बरं झालं असतं' असं म्हणालात, तर फक्त हिरमोड होईल आणि चहापर्यंत ओसरेल. एवढी मेहनत करून हिरमोडावर भागवायचं?

अल्बर्ट एलिस या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञापासून सावध राहा. घटना आणि भावना यांच्या मध्ये आपली समजूत बसलेली असते, ती बदलली की भावना बदलते, असं हा गृहस्थ १९५५ पासून सांगत सुटला. मुंबईचे कि. मो. फडके यांनी त्याच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ते शास्त्र इकडेही आणलं, त्यामुळे आता कुठेच निर्धास्त राहता येत नाही. एलिसला तरुणपणी मुलींशी बोलायची भीती वाटे. एकोणिसाव्या वर्षी तो ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकांवरच्या तब्बल शंभर जणींशी बोलला. एकीने भेटायचं कबूल केलं, आणि तीही आली नाही. आपल्यापैकी कुणीही एवढ्या भांडवलावर जन्मभराचं दुःख उभं केलं असतं. याची मात्र भीती गेली!

घरचे म्हणतील, "डोक्यातून काढून टाक." जरूर ऐका. डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिली. वर, नंतर विचार करायची मुभा मिळाल्यावर या मुलांना अस्वल जास्तच आठवलं. तेव्हा नणंदेचा विचार न करण्याचा निश्चय दर तासाने करावा.

फोन ओट्यावरच, हाताशी ठेवा. आतल्या खोलीत ठेवला तर दर वेळी कणकेचे हात धुऊन उठावं लागतं, आणि त्या कंटाळ्यातच पुन्हा पुन्हा बघायची चांगली लागलेली सवय मोडते.

नेहमीची अडचण: संध्याकाळी उत्तर येतं, "येतोय गं. पुरण मी करून आणते, तू दमू नकोस." घाबरू नका. 'म्हणजे माझं पुरण आवडत नाही' एवढं एक वाक्य मनात धरलंत, तर रविवारपर्यंत सहज पुरतं.