आठ अक्षरांचं बारसं

पासवर्ड बदला, असा निरोप आला की जुनी किल्ली भंगारात देताना वाटतं तसं मला होतं. कुलूप कधीच गेलेलं असतं, पण हाताला तिची सवय झालेली असते. आमच्या घरातले झाडून सगळे पासवर्ड मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल यांवर वर्षानुवर्षं उभे होते; कोपऱ्यावरच्या वाण्यालाही ते दुसऱ्या प्रयत्नात सापडले असते. शेवटी मी पीडब्ल्यूजेनला शरण गेलो.

हा लिनक्सवरचा चिमुकला प्रोग्राम. त्याला ना बटणं, ना चित्रं. काळ्या पडद्यावर नाव टाइप करायचं आणि एंटर दाबायचं. आपल्याला हवा असतो एक पासवर्ड आणि नेहमीच्या ८० अक्षरी रुंदीच्या पडद्यावर तो ओततो १६०, परातीत तांदूळ ओतावेत तसे. ही उधळपट्टी नव्हे. पाठीमागून कुणी डोकावत असेल, तर आपण कुठला दाणा उचलला ते त्याला कळू नये, म्हणून. माझे वडील बँकेत नोटा मोजताना भिंतीकडे तोंड करून उभे राहत. त्यांना ही युक्ती फार आवडली असती.

हे शब्द निरर्थक, पण जिभेवर बसतील असे घडवलेले. शाईमू, थूघेई, आईथीब... मध्येच एखादा आकडा, भातातल्या खड्यासारखा. मोठ्यानं वाचू लागलो आणि लहानपणीची च-ची भाषा आठवली. 'मला'चं 'चलाम' केलं की मोठ्यांना काही कळत नाही, अशी आम्हा भावंडांची ठाम समजूत. एकदा दुपारभर आम्ही याच भाषेत डब्यावरच्या धाडीचा बेत रचत होतो. माजघरातून आजी शांतपणे म्हणाली, "चडूला चहीतना."

या प्रोग्रामला व्ही हे अक्षर जोडून दिलं, तर तो स्वर गाळून टाकतो. न जाणो, चुकून एखादी शिवी तयार झाली तर! ज्याला कुठलीच भाषा येत नाही त्यानं शिवीला इतकं जपावं, हे मला फार घरंदाज वाटतं. एस जोडलं की मात्र तो कडक सोवळ्यात शिरतो. उच्चाराचे लाड बंद.

हे शब्द घडवायला लागणारा बेभरवशाचा ऐवज येतो लिनक्सच्या गाभ्यातून. कळा दाबणं, माऊस हलणं यांतल्या वेळेच्या बारीक फरकांतूनही तो जमा होतो. हा साठा सांभाळणारा भाग थिओडोर त्सो यांनी १९९४ साली लिहिला. आजचं पीडब्ल्यूजेनही त्यांचंच. म्हणजे एंटरवर माझं बोट क्षणभर घुटमळलं, तेही या पिठात मळलं गेलं असणार.

उरलेल्या १५९ शब्दांकडे मी पाहिलंच नाही. आईथीब. यंत्राच्या लेखी ती नुसती अक्षरं. पण आरंभीच आई दिसल्यावर माझ्याच्यानं पुढे सरकवेना. (खरा शब्द थोडा वेगळा आहे. वडिलांचा मुलगा आहे मी.)

अगदीच बेभरवशाचे पासवर्ड लोक कागदावर लिहून ठेवतात, असा इशारा या प्रोग्रामच्या माहितीपानावर दिलेला आहे. माझा तर लक्षात राहणारा होता. तोही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेला आहे, दुधाच्या हिशेबाखाली.