मध्ये पडणाऱ्याची हाडं

जिप्सी बाळगणाऱ्या माणसाला गाडीची खुशाली विचारायची असेल तर आधी बसायला खुर्ची मागून घ्यावी. मागच्या बाकांनी कंबरडं कसं मोडतं, महामार्गावर टेम्पोसुद्धा हॉर्न देऊन कसा पुढे जातो, यातलं तो काही सांगणार नाही. तो सांगणार फोर बाय फोरचं. १९८५ साली मारुतीने ही गाडी आणली. पोलिसांनी, लष्कराने, वनखात्याने आणि रॅलीवाल्यांनी तिला मनसोक्त राबवून घेतलं. कारखान्यातून नवी जिप्सी येणं बंद झालं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरी मृग लागला की मावळातल्या चिखलात जिप्सी कुठून कुठून उगवतात. आणि उगवल्या की तासाभरात कुणीतरी गाडीच्या पोटाखालून ओरडतं, “ट्रान्सफर गेला रे!”

ट्रान्सफर म्हणजे ट्रान्सफर केस. गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी. शिवाय ‘लो’ची दांडी ओढली की तीच ताकद वेग घटवून वाढवून देते. जुन्या महिंद्रा जीपमध्ये ही पेटी बिडाची आणि गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्टांनी आवळलेली असायची. ती तेल गाळायची, ओरडायची, पण हलायची नाही. (जीपखाली तेलाचा डाग दिसला नाही की जुने ड्रायव्हर काळजीत पडत, तेल संपलं असणार म्हणून.) जिप्सीचा संसार वेगळा. इथे पेटी अॅल्युमिनियमची, गिअरबॉक्सपासून चार हात फटकून राहणारी. दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट, आणि पेटी स्वतः चेसीवर तीन रबरी फाउंडेशनांच्या आधाराने टांगलेली. साध्या रस्त्यावर ही व्यवस्था झकास चालते. आवाज कमी, थरथर कमी.

तुटण्याचं कारण मात्र या पेटीच्या धंद्यातच आहे. भांडणात मध्ये पडणाऱ्याचं जे होतं तेच तिचं होतं: दोन बाजूंमधला फरक तिला अंगावर घ्यावा लागतो. हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, हिशेबाने दाखवता येतं. नंतरच्या १.३ लिटर जिप्सीच्या इंजिनाचा टॉर्क १०३ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो ३.६५ पट होतो, म्हणजे पेटीत शिरताना साधारण ३७५. ‘लो’मध्ये तो आणखी २.२७ पट होऊन बाहेर पडतो, म्हणजे ८५०. आत आले ३७५ आणि बाहेर गेले ८५०. मधले पावणेपाचशे काही आभाळातून पडत नाहीत. तेवढ्याच जोराने पेटी स्वतः उलटी गरकन फिरू पाहते, आणि तिला ‘थांब’ म्हणायचं काम फाउंडेशन जिथे बसतात त्या तिच्या तीन कानांचं. मीटरभर लांबीच्या पान्ह्याच्या टोकावर पन्नास किलोचा माणूस उभा राहिला तर जेवढा पीळ बसेल, तेवढा हा.

पन्नास किलोचा माणूस पेटीला पेलतो. मारुतीने आणि तिच्या मूळच्या जपानी सुझुकीने तेवढा विचार केलेला आहे. पण ऑफ-रोडिंगवाल्याच्या डोक्यात पुढचं चक्र सुरू होतं. आधी टायर मोठे होतात, कारण मित्राचे मोठे आहेत. मोठे टायर गाडीला जड जातात, म्हणून ट्रान्सफरमध्ये आणखी ‘लो’ गिअरचा संच बसतो. जिप्सीची अमेरिकेतली बहीण सामुराई, तिच्यासाठी तिकडे ४.१६ आणि साडेसहा पटीचे असे संच फार वर्षांपासून मिळतात. आता तोच हिशेब पुन्हा मांडा. ४.१६च्या संचाला पान्ह्यावरचा माणूस एकशेवीस किलोचा होतो. साडेसहाच्या संचाला तो दोनशे किलोच्या वर जातो. हा झाला कागदावरचा संथ हिशेब. चिखलात गरागरा फिरणारं चाक अचानक खडकाला लागून पकड घेतं, त्या क्षणीचा झटका कुठल्याच कागदावर मावत नाही. कान तेच, अॅल्युमिनियम तेच, आणि मालक म्हणतो, “कंपनीने माल हलका वापरलाय.”

आमच्या ओळखीचे एक मिस्त्री अशा गाडीखाली शिरताना हातात आधी टॉमीची लोखंडी दांडी आणि बॅटरी घेतात. फाउंडेशनखाली टॉमी घालून हलकेच उचलतात. रबर धातूपासून सुटलेलं असेल तर तिथे काळी फट उघडते, मिटते, पुन्हा उघडते. मग ते कानाच्या मुळाशी रॉकेलची चिंधी फिरवतात, सुक्या फडक्याने पुसून घेतात आणि शाळेतला साधा खडू चोळतात. विडी निम्मी होईपर्यंत पांढऱ्यावर एक ओली रेघ उमटते, केसाएवढी. चिरेत मुरलेलं रॉकेल खडूने शोषून घेतलेलं असतं. मालकाला ती रेघ दाखवून मिस्त्री एवढंच म्हणतात, “बघा शेठ, बोलली.”

शेठचं उत्तरही ठरलेलं असतं: “मजबूत करून द्या.”

या वाक्याची मला मोठी मौज वाटते. मजबूत करायचं म्हणजे काय करायचं, यावर प्रत्येक गॅरेजचा स्वतंत्र पंथ आहे. एक पंथ पेटीभोवती जाड पत्र्याचा पिंजरा बांधतो आणि सगळा पीळ चेसीवर नेऊन टाकतो. दुसरा पंथ तीन कानांच्या जोडीला पेटीला आधाराचा चौथा हात काढतो. तिसरा पंथ गरिबाचा: पेटीच्या कानापासून चेसीपर्यंत साखळी, बेताची सैल, म्हणजे पेटी थोडी हलेल पण फार उसळणार नाही. मला हा पंथ आवडतो, कारण त्यात नम्रता आहे. चौथा पंथ मात्र धोक्याचा. तो रबरच काढून टाकतो आणि त्या जागी लोखंडी ठोकळा बसवतो. रबर हलतं म्हणून ते दुबळं, असा त्याचा सिद्धांत. वास्तविक ते रबर झटका स्वतः खाऊन कान वाचवत असतं. शिवाय डोंगरात चेसी स्वतःच पिळवटते. पेटी तीन ठिकाणी घट्ट जखडली की चेसीचा तो पीळही तिच्याच माथी येतो. नाचरं रबर असताना दोन वर्षांत जी चीर पडली असती ती ठोकळ्यामुळे एका पावसाळ्यात पडते.

बरं, समजा पिंजरा उत्तम झाला आणि पेटी अभेद्य ठरली. मग? इंजिन तेवढाच जोर लावणार आणि खडकही हटणार नाही. जे तुटायचं ते पुढच्या नाक्यावर तुटतं. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस जातो. क्रॉस भारी घातला तर अॅक्सल जातो, किंवा पुढच्या चाकाचा जॉइंट कटकट वाजू लागतो. जुन्या लँड रोव्हरवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या मागच्या अॅक्सलच्या दांड्या तुटण्याबद्दल प्रसिद्ध, म्हणून लांब प्रवासाला निघताना ते एक जादा दांडी बरोबर बांधून घेत. गोव्यात २०१४ साली धो धो पावसातली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा सुरू झाली. तिथल्या अनुभवी जोड्यांचं सामान बघावं. कुठला भाग पहिला मान टाकणार हे त्यांचं आधीच ठरलेलं असतं, आणि तोच भाग पेटाऱ्यात वरती ठेवलेला असतो.

आपल्या शेतकऱ्याला तर हे शिकवावंच लागत नाही. ट्रॅक्टरमागच्या कितीतरी रोटाव्हेटरच्या शाफ्टमध्ये एक बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. पात्यात दगड अडकला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. अर्थात प्रत्येक गावात एक हुशार निघतोच. रोज रोज बोल्ट कोण बदलणार, म्हणून तो तिथे चांगला पोलादी बोल्ट ठोकतो. त्याचा बोल्ट मग कधीच तुटत नाही. गिअरबॉक्स मात्र तालुक्याला दुरुस्तीला गेलेला असतो.

तेव्हा जिप्सीवाल्या बंधूंनो, यंदा वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी गाडीखाली जा. तिन्ही रबरं टॉमीने उचलून बघा आणि सुटली असतील तर तिन्ही एकदम बदला. एकच बदललं तर नवं रबर उरलेल्या दोघांचं ओझं वाहतं. बोल्ट आवळा, पेटीतलं तेल बघा, कानांवर खडू चोळा. मोठे गिअर घालायचेच असतील तर पिंजरा आधी बांधा, रबर त्यात राहू द्या, आणि शाफ्टचा एक जादा क्रॉस सीटखाली टाकून ठेवा. भर पावसात, गाडीखाली चिखलात पाठ टेकून बदलता येईल असा भाग तोच आहे.