दुसऱ्यांच्या पोरांचे गुरुजी

शाळा निवडणारे पालक सातारा जिल्ह्यात शंभर तऱ्हेचे सापडतील, पण अस्सल वाण एकच : जो स्वतः झेडपीच्या शाळेत शिक्षक असतो. डॉक्टर, वकील, बँकवाले शाळा निवडताना फसले तर समजू शकतो. त्यांना आतलं काही ठाऊक नसतं. गुरुजींना सगळं ठाऊक असतं आणि ते डोळे उघडे ठेवून फसतात.

मे महिन्यात गुरुजी पटासाठी वाडीवस्ती पालथी घालतात. पटावरची मुलं घटली की शिक्षकसंख्या ठरवणाऱ्या संचमान्यतेत एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि मग समायोजनात कुठल्या डोंगरावर रवानगी होईल याचा नेम नाही. त्यामुळे कुणाचं पोर सहा वर्षांचं झाल्याचं कानावर आलं की गुरुजी उंबऱ्यावर हजर. पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारची खिचडी, “आणि मातृभाषेत शिकलेलं पोरगं पायाला पक्कं असतं बघा, आजी.”

आजी शेंगा फोडत सगळं ऐकून घेतात. “व्हय की. मग तुमचा बारका बी औंदा पहिलीलाच की वो? त्येला बी आणा गाडीवर म्हागं बसवून. आमच्या पोराला सोबत हुईल.”

गुरुजी चष्मा काढून पुसायला लागतात. “आणला असता आजी, पण मिसेसची इच्छा जरा वेगळी आहे.”

बिचाऱ्या मिसेसना इच्छा कुणी विचारलेलीच नसते. इच्छा असते साडूची.

साडू सांगलीला हळदीच्या व्यापारात. त्यांनी थोरल्याला पाचगणीला ठेवलाय. सांगलीच्या माणसानं आपल्याच जिल्ह्यात येऊन आपल्यावर कडी करावी, हे गुरुजींच्या जिव्हारी लागलेलं. त्यात एका लग्नाच्या पंगतीत साडू म्हणाले, “फ्रेडी मर्क्युरी पाचगणीतच शिकला, माहितीय ना?” गुरुजींनी जिलबीचा तुकडा मोडत “हो, हो” केलं आणि हात धुतल्याबरोबर मोबाइल काढला. तो गायक निघाला. त्यांना जरा हायसं वाटलं. निघताना त्यांनी परतफेड केली : “आम्ही सहावीला सैनिक स्कूलचं बघतोय. देशातलं पहिलं, 1961चं. साताऱ्यातलंच.” बारक्याला तेव्हा बुटाची नाडीही बांधता येत नव्हती.

तसे गुरुजी स्वतः रयत शिक्षण संस्थेचे विद्यार्थी. 22 सप्टेंबरला संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जयंतीचं भाषण त्यांच्याशिवाय होत नाही. 1919 साली काल्याला संस्था कशी सुरू झाली, वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र कसं दिलं, हे सांगताना दरवर्षी त्याच वाक्याला त्यांचा गळा दाटून येतो. 7 नोव्हेंबरला विद्यार्थी दिन. 1900 साली त्या तारखेला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं, तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. त्याही दिवशी गुरुजी बोलतात, आणि मनापासून बोलतात. ढोंगी माणूस नाही हो. फक्त भाषण आणि प्रवेश अर्ज ही त्यांची दोन वेगळी खाती आहेत.

अर्जाआधी त्यांनी वही आखली. बस, फी, बोर्ड, मैदान, सीसीटीव्ही असे रकाने. शेवटचा रकाना : ‘कुणाची मुलं आहेत?’ त्यात एका शाळेपुढे ‘तहसीलदार’ असं लिहिलं गेलं आणि निकाल तिथंच लागला. शिकवतं कोण, हा रकाना वहीत नव्हता. गरजच नव्हती. तिथली निम्मी मंडळी गुरुजींच्याच डी.एड.च्या बॅचची; त्यांना झेडपी लागली नाही आणि पगार गुरुजींच्या पाव हिश्श्याचा, एवढाच फरक.

2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेशासाठी मुलांची आणि पालकांची मुलाखत घ्यायला मनाई केली आहे. म्हणून शाळेनं नुसतं ‘ओळखीला’ बोलावलं. गुरुजी लग्नातला कोट घालून गेले. रात्रभर घोकलेलं इंग्रजी मॅडमसमोर निम्मंच आठवलं. बारक्याला विचारलं, “व्हॉट इज युवर फादर?” तो ताडकन म्हणाला, “गुर्जी!” मॅडमनी आदरानं पुढचं विचारलं, “ओह, विच स्कूल?” हयातीत पहिल्यांदाच गुरुजींना आपल्या शाळेचं नाव सांगताना खोकला आला.

प्रवेश झाला. सकाळी पिवळी बस बारक्याला घेऊन शहराकडे जाते, गुरुजींची मोटरसायकल वाडीकडे.

गंमत पुढेच आहे. ऑगस्टपर्यंत बारक्याला ‘टेन्स अँड वन्स’ पाठ झाले, पण तेवीसमध्ये दहा किती वेळा, हे काही कळेना. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या शाळांनी फरशीवर आखून, काड्या-मणी हाताळून शिकण्याची रीत रुजवली तेव्हा राज्यभरातले शिक्षक गाड्या करून बघायला आले होते. आमचे गुरुजीही जाऊन आले होते, आणि ते उत्तम शिकवतात. आता रोज संध्याकाळी ते शाळेतल्या काड्यांचे गठ्ठे पिशवीत घालून घरी आणतात, फरशीवर खडूनं चौकटी आखतात आणि बारक्याला मांडी घालून बसवतात. दहाचा गठ्ठा सोडायचा, परत बांधायचा. सगळं मराठीत. पोरगं भराभर शिकतंय. महिन्यात शंभरापर्यंत पोचलं.

फी मात्र तिकडे जाते, वर्षाला तीन हप्त्यांत.